तुटक रेघेचा रिषभ

फोन दोनदा वाजला, थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. पद्मिनी कोथिंबीर निवडत होती. हात तसाच जुडीवर राहिला, कारण ही खूण होती. इमारतीतल्या मराठी बायकांनी ती ठरवली त्याला चार वर्षं होऊन गेली होती. दर गणपतीत पडदे ओढून आरती करताना तिची उजळणी व्हायची, सगळ्याजणी तोंडावर पदर धरून हसायच्या, पण ती खरोखर वापरायची वेळ कधी आली नव्हती. फोनवर तिसऱ्या मजल्यावरची स्मृती होती. ती एका दमात बोलली, की खाली दोन गाड्या थांबल्यात, चार माणसं आहेत, दोघं दाढीवाले, हातात कागद आहेत, पहिल्या मजल्यापासून एकेक दार वाजवत वर येतायत. "तुमचं आवरून घ्या," एवढं शेवटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. रियाधमध्ये, जिथे घरात देव सापडले तर धर्मपोलीस धरून नेत, या शब्दांना स्वतःचा एक अर्थ होता. पुण्यात बाई आवरते म्हणजे केस विंचरून साडी नेसते. इथे आवरणं म्हणजे देव तांदळाच्या डब्यात घालायचे, समई आणि घंटा ओट्याखालच्या कढईत, भिंतीवरची तसबीर गादीखाली, आणि मग दार वाजलं की डोक्यावरून ओढणी घेऊन, आपल्याकडे काहीच नाही अशा चेहऱ्याने ते उघडायचं. पद्मिनीचे हात आपोआप कामाला लागले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि सासूबाईंनी दिलेला बोटभर गणपती तांदळात गेले, पेटी कपाटात तळाशी रजयांच्या खाली गेली. आतल्या खोलीत तेरा वर्षांची शिवांगी कानात गाणी घालून गणितं करत होती, तिला काही कळलंही नाही. सहा मिनिटांत घर मोकळं झालं. मग पद्मिनीला वही आठवली.

वही इस्त्रीच्या चादरीखाली होती. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, दोनशे पानांची. तिच्यात तेवीस गाणी होती आणि त्यातलं एकही पद्मिनीचं नव्हतं. ती अमीराची होती. अमीरा म्हणजे राजकन्या. पद्मिनी तिला याच शब्दाने हाक मारायची, आणि दुसरं काही नाव असलंच तर ते तिने कधी विचारलं नाही. राजघराणं मोठं, त्याच्या फांद्या शंभर, आणि अमीरा अशाच एका दूरच्या फांदीवरची पन्नाशीची, लग्न न झालेली बाई. भावाच्या हवेलीच्या मागच्या अंगाला तिच्या पाच खोल्या होत्या, तीन मोलकरणी होत्या आणि एक पियानो होता, जो लहानपणी इंग्रज गव्हर्नेससाठी आणला होता आणि नंतर कुणाच्या लक्षात न राहिल्यामुळे उरला होता. पद्मिनी तिथे पोचली ती तळमजल्यावरच्या हफीजामुळे. हफीजाचा नवरा उस्मान मूळचा श्रीवर्धनकडचा, अठरा वर्षं त्या हवेलीत गाडी चालवत होता. त्याला एकदा विचारलं गेलं, की पियानो येणारी आणि तोंड बंद ठेवणारी एखादी बाई माहीत आहे का. हफीजा म्हणाली, वरच्या मजल्यावर आहे. पियानोचं निम्मं खरं होतं, पद्मिनीला पेटी यायची. तोंड बंद ठेवायचं तर तिला इतकं सवयीचं झालं होतं, की हफीजा त्याची हमी डोळे मिटून देऊ शकली. भावाला सांगितलं होतं, की एक हिंदुस्थानी बाई इंग्रजी शिकवायला येते. दर शनिवारी दुपारच्या नमाजानंतर उस्मान तिला घेऊन जाई. मागचं लहान फाटक उघडे, तिच्यामागे बंद होई, आणि ते बंद होण्याचा आवाज पद्मिनीला पुढचे दोन तास पाठीत जाणवत राही.

तिथे गेल्यावर कळलं, की अमीराला शिकायचं काहीच नव्हतं. तिला लिहून घ्यायचं होतं. ती चाली रचायची. अंघोळ करताना, फेऱ्या मारताना, रमजानात दिवस सरत नसे तेव्हा. दोन-दोन ओळींची छोटी गाणी, विहिरीवरची, तंबूच्या दोराची, घरातून गेलेल्या बहिणीची. तीस वर्षं ती डोक्यात सांभाळून ठेवली होती. टेप चालणार नव्हती, कारण टेपवर आवाज येतो, आणि तो आवाज कुणाचा हे त्या घरात भिंतींनाही कळलं असतं. लिहिलेल्या सुरांना आवाज नसतो. पद्मिनीने मग शाळेत शिकली होती तशी सा रे ग म देवनागरीत मांडली, खाली मात्रा, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्रावर उभी. हवेलीत तर सोडाच, अख्ख्या शहरात ते वाचू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतील. अमीरा प्रत्येक पानाच्या माथ्यावर पेन्सिलीने गाण्याच्या दोन ओळी लिही आणि गाऊ लागे. आणि दुसऱ्याच शनिवारी एक सूर असा आला, जो पद्मिनीकडे नव्हताच. रिषभ कोमलही नव्हता आणि शुद्धही नव्हता, दोघांच्या मध्ये कुठेतरी पाय रोवून उभा होता. पद्मिनीने पियानोवर दोन्ही पट्ट्या वाजवून दाखवल्या, अमीरा दोन्हींना नाही म्हणाली आणि पुन्हा तोच सूर लावला, चुकतमाकत नव्हे, अगदी ठाम. तेव्हा पद्मिनीने खालची रेघ मधे तोडली. तुटक रेघेचा रिषभ. ही खूण जगात त्या दोघींच्या पलीकडे कुणालाच माहीत नव्हती, आणि त्या दुपारी घरी परतताना पद्मिनीला आपण उंच झाल्यासारखं वाटत होतं.

अकरा वर्षं नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहिलेल्या बाईला असं वाटणं साधं नाही. उन्मेष बँकेत कम्प्युटरचं बघायचा, कफीलचं, त्याच्या हमीदार मालकाचं, नाव घेताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा, आणि पद्मिनीच्या कागदावर व्यवसायाच्या जागी गृहिणी लिहिलं होतं. पुण्यात ती जर्मन शिकवायची. तिकडून येताना तिने एक जाड जर्मन पुस्तक आणलं होतं, मठाधिपती झालेल्या राजकन्यांवरचं, त्याचं मराठी करायचं म्हणून. त्याच्या वेष्टनावर गळ्यात क्रूस घातलेल्या एका राजकन्येचं चित्र होतं, तर पद्मिनीने मुंबईच्या विमानतळावर, कुणी काही विचारायच्या आधीच, ते वेष्टन फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ती तशीच होती. भिण्याच्या बाबतीत ती कायम एक पाऊल पुढे असायची. त्या पुस्तकातल्या गोष्टी ती अमीराला इंग्रजीत आणि मोडक्या अरबीत सांगे, आणि मग गाणी बाजूला पडत. जर्मन मुलखात अशी घरं होती, की जिथे लग्न न झालेल्या राजकन्या राहत. तिथली मुख्य बाई मठाधिपती म्हणवायची, पण व्रतं फारशी नव्हती. एखादीचं लग्न ठरलं तर ती निघून जाऊ शकायची. मुख्य बाईची स्वतःची मोहोर असे, गावावर सत्ता असे, सम्राटाच्या सभेत तिच्या नावाची जागा असे. वादक पदरी ठेवत, नाटकं बसवत, कुणी स्वतः रचना करत. अमीरा विचारी, भाऊ आला तर दार कोण उघडायचं? पद्मिनीला ते पुस्तकात सापडत नसे. सगळ्यात जास्त अमीराला आवडली ती ॲना अमालिया, प्रशियाच्या राजाची धाकटी बहीण. बापाला संगीताचा तिटकारा, हात उगारायला तो मागेपुढे पाहत नसे, म्हणून आईच्या आडोशाने ती चोरून शिकली. बाप मेल्यावर तिने उघड वाजवलं. पुढे क्वेडलिनबुर्गच्या मठाची मुख्य झाली, राहिली मात्र बहुतेक बर्लिनमध्ये. पस्तिशीत पुन्हा विद्यार्थिनी होऊन रचनाशास्त्र शिकली, थोरामोठ्यांची हस्तलिखितं जमवली आणि मरताना एका शाळेला देऊन गेली. तिचं स्वतःचं फार थोडं उरलं, कारण तिला स्वतःचं काही पसंतच पडायचं नाही. हे ऐकल्यावर अमीराने विचारलं, की त्या राजकन्येची गाणी लिहून कोण घ्यायचं.

"ती स्वतःच लिहायची," पद्मिनी म्हणाली.

"मग मलाही शिकव, बद्मिनी. ही चिन्हं मला वाचता आली पाहिजेत."

अरबीत प नाही, म्हणून अमीराच्या तोंडी ती कायम बद्मिनीच होती. पद्मिनी म्हणाली, पुढच्या शनिवारी सुरू करू. पुढच्या शनिवारी अमीराने पुन्हा विचारलं आणि पद्मिनी म्हणाली, आधी हातातलं गाणं पुरं होऊ दे. असं दीड वर्ष चाललं. शिकवणं अवघड नव्हतं, महिनाभरात बाई वाचायला लागली असती. पण मग पद्मिनीची काय गरज उरली असती? हे ती स्वतःशी कधी इतक्या उघडपणे बोलली नव्हती. आज इस्त्रीची चादर हातात धरून उभी असताना मात्र ते अगदी स्वच्छ दिसलं, आणि नेमकं आज त्याचा काही उपयोग नव्हता.

खालच्या मजल्यावर दार वाजल्याचा आवाज आला. पुरुषांचे आवाज, मग दार बंद. पद्मिनीने वही उघडली आणि तिच्याकडे परक्याच्या नजरेने पाहिलं. माथ्यावर अरबी ओळ, खाली कसलीतरी अगम्य अक्षरं, त्यांच्या अंगावर ठिपके, रेघा, तुटक रेघा, चंद्रकोरी, आकड्यांच्या उतरंडी. तेवीस पानं अशीच. गाण्याची वही असती तर एक वेळ निभावलं असतं, पण ही तर कुणालाही ताईत-गंड्याची वही वाटली असती. जादूटोणा. उन्मेषच्या बँकेत कुणा सुदानी माणसाच्या पाकिटात असा कागद सापडल्याची गोष्ट तिने ऐकली होती, आणि त्या गोष्टीचा शेवट कुणीच सांगत नसे. ते विचारतील, हे हस्ताक्षर कुणाचं? मग मागचं फाटक, उस्मान, हफीजा, अमीराचा भाऊ. मग इकामा, आणि शिवांगीची शाळा. सगळं एका रांगेत उभं राहिलं. फाडून टाकावी तर अरबी अक्षरं कचऱ्यात टाकायची नाहीत असं हफीजाने एकदा बजावलं होतं, कुठल्या ओळीत देवाचं नाव असेल सांगता येत नाही, ती अक्षरं पाण्यात धुवायची असतात. कचऱ्यात अशी पानं सापडली तर ते आणखी वाईट. पद्मिनी न्हाणीघरात गेली, बादली भरली आणि वही तिच्यात उभी दाबली.

शाई भराभर सुटली. अमीराने भेट दिलेल्या पेनाची ती निळी शाई, तिचा लगेच धूर झाला. पद्मिनी बाह्या सरसावून एकेक पान पाण्यात हलवत होती, साबणाच्या पाण्यात रुमाल चुबकतात तसं, आणि बोटांखाली कागद बुळबुळीत होत होता. तोंडाने ती काहीतरी म्हणत होती. नंतर तिला वाटलं, की देवाचं नाव असावं. पण तसं नव्हतं, ती "लवकर, लवकर" म्हणत होती. पाणी तीनदा बदललं. चौथ्यांदा बादली भरत होती तेव्हा दारात शिवांगी उभी होती.

"आई, व्हाय इज द वॉटर ब्लू?"

"तुझ्या युनिफॉर्मला नीळ घालतेय. जा, अभ्यास कर."

शिवांगीने बादलीत पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ती निघून गेली. तेवढ्यात दार वाजलं. पद्मिनीने ओढणी घेतली, हात पुसले आणि ते उघडलं. बाहेर दोन माणसं उभी होती. त्यातला वयस्कर माणूस नजर जमिनीवर ठेवून बोलत होता. घरात पुरुष आहे का? नाही? मग आत येत नाही. तुम्हीच सांगा, गॅसचा सिलिंडर कुठे ठेवता? स्वयंपाकघरात की बाल्कनीत? नळी किती जुनी आहे? पद्मिनीने सांगितलं, की बाल्कनीत आहे, नळी गेल्या वर्षी बदलली. त्याने कागदावर खूण केली. सिलिंडर उन्हात ठेवू नका, सिस्टर, असं म्हणाला, शुक्रन म्हणून आभार मानले, आणि दोघं वरच्या मजल्याकडे गेले. दोन मिनिटांनी स्मृतीचा फोन आला, ती हसून हसून बेजार झाली होती. सिलिंडर गो बाई, सिलिंडर. माझा बाळकृष्ण तर साखरेच्या डब्यात आहे, आता त्याला मुंग्या लागतील. पद्मिनीही हसली. फोन ठेवेपर्यंत ती व्यवस्थित हसत होती.

संध्याकाळी उन्मेषलाही ही गोष्ट फार आवडली. त्याने दोनदा सांगायला लावली. वहीचं तिने सांगितलं नाही. जेवताना त्यानेच हवेलीचा विषय काढला, की आता तरी तिथे जाणं बंद कर, आपण इथे पाहुणे, दिवस कसे आहेत बघतेस ना. आता तर बाई जर्मनीलाच निघाल्यात म्हणतो उस्मान, सुटलीस. पद्मिनी भात कालवत राहिली. जर्मनीचं तिला माहीत होतं. अमीराच्या गळ्याला गाठ होती, रविवारी तिला म्युनिकला नेणार होते, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे. ऑपरेशननंतर बोलता येईल, पण गाता येईलच असं नाही. म्हणून शनिवारी पद्मिनीने सगळी गाणी युरोपी पद्धतीच्या पाच रेघांवर उतरवलेली सुवाच्य प्रत द्यायची होती. तिथे वाचणारे भेटतील, अमीरा म्हणाली होती. त्या राजकन्यांच्या देशात माझं एक तरी कुणी वाजवेल. पद्मिनीने प्रत करायला अजून घेतलीच नव्हती. गुरुवार-शुक्रवार हातात आहेत, होईल, असं तिने ठरवलं होतं.

गुरुवारी सकाळी तिने वही बाल्कनीत वाळत घातली. पानं फुगून पापडासारखी झाली होती. शाईचं नावनिशाण उरलं नव्हतं, फक्त माथ्यावरच्या अमीराच्या पेन्सिलच्या ओळी जशाच्या तशा होत्या. जे भीतीपोटी धुवायचं होतं ते राहिलं होतं आणि जे कुणालाच वाचता आलं नसतं ते गेलं होतं. तिला जुळवून जुळवून अरबी वाचता येई, पण हे हस्ताक्षर झरझर लिहिलेलं, म्हणून तिने हफीजाला वर बोलावलं. हफीजाने तेवीस पानांवरच्या ओळी वाचून दाखवल्या, पद्मिनीने त्या देवनागरीत उतरवून घेतल्या. वाचून झाल्यावर हफीजाने वही उलटीपालटी करून पाहिली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"पाणी सांडलं."

"पानी बरा सगलीकडे सारखाच सांडला गो," हफीजा म्हणाली. जाताना वही तिने दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, आणि ते पद्मिनीला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग ती पेटी काढून बसली. दारं-खिडक्या बंद, पंखा मोठा, भात्यावर हात हलका. शब्द वाचले की चाल आपोआप येईल असं तिला वाटलं होतं. पहिली चार तशीच आली, पुरी आली, पेटीवर नसलेल्या आणि गळ्यानेच लावायच्या तुटक रिषभासकट, अमीराचा श्वास कुठे तुटायचा तेसुद्धा आलं. पाचवं आलंच नाही. आठवायला जावं तर तिथे लिहिताना प्यायलेल्या वेलदोड्याच्या कॉफीची चव होती, पियानोवरचं जाळीचं कापड होतं, बाहेरच्या अंगणात भावाची गाडी आल्यावर अमीराने गाणं जिथे तोडलं तो क्षण होता, गाणं नव्हतं. दीड वर्ष ती ऐकत नव्हती, उतरवून घेत होती. लिहिलं की विसरायची मुभा मिळाली असं धरून चालली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत अकरा पूर्ण जमली, चार अर्धी, आणि आठांच्या जागी कोरा कागद. त्या आठांमध्ये विहिरीचं होतं, जे अमीराने वयाच्या अठराव्या वर्षी रचलं होतं, सगळ्यात पहिलं. पद्मिनीने फोनचा रिसीव्हर उचलला. सरळ सांगून टाकावं. अजून दोन दिवस आहेत, बाईचा गळा अजून शाबूत आहे, ती पुन्हा गाईल, आपण पुन्हा लिहून घेऊ, उद्याचे दोन तास पुरेसे आहेत आठ छोट्या गाण्यांना. इतकं सोपं होतं. सांगायचं एवढंच होतं, की मी भ्याले आणि तुमचं आयुष्य बादलीत धुतलं. नंबर फिरवता फिरवता तिला अमीराचा चेहरा दिसला. रागावलेला नव्हे, ती रागावली नसती. तो चेहरा नुसता समजून घेणारा होता, भित्र्या नोकरांना मोठ्या घरच्या बायका समजून घेतात तसा. तो पद्मिनीला सोसवला नसता. तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि विहिरीच्या ओळींना चाल लावायला घेतली.

आणि चाल चांगली झाली. हे तिला पुढे कुणालाच सांगता येणार नव्हतं. पहिलं जुळवाजुळवीचं झालं, दुसरं बरं, पण विहिरीच्या गाण्यात सूर खाली खाली उतरत गेला आणि तुटक रिषभावर येऊन थांबला, तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला. चाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने स्वतःची एकही चाल केली नव्हती. ती त्या बंद खोलीत सुखाने रडली, मग लगेच घाबरली, आणि पुढच्या गाण्याला लागली. रात्रीचं जेवण तिने वेळेवर वाढलं. पंधरा खऱ्या-अर्ध्याखऱ्या चाली आणि आठ खोट्या, सगळ्या एकाच अक्षरात, एकाच शाईत, पाच रेघांवर नीट बसल्या होत्या. प्रत इतकी देखणी होती, की तिच्यात कुठे शिवण आहे हे पद्मिनीलाही सांगता आलं नसतं.

शनिवारी फाटक उघडलं आणि बंद झालं. अमीराच्या खोलीत सामानाच्या पेट्या बांधून ठेवल्या होत्या, पियानोवर चादर घातली होती. ती गळ्याभोवती रेशमी रुमाल गुंडाळून बसली होती, आणि तिचा आवाज गेल्या आठवड्यापेक्षा जड झाला होता. पद्मिनीने प्रत दिली. तिने एकेक पान उलटून पाहिलं, वाचता येत नसलेलं पत्र बघतात तसं, सावकाश आणि शेवटपर्यंत. माथ्यावरच्या ओळी पद्मिनीने वळणदार अरबीत काढल्या होत्या, त्यांवरून तिने बोट फिरवलं. मग विचारलं, की जुनी वही कुठे आहे. पद्मिनी म्हणाली, घरी आहे.

"ती तुझ्याकडेच राहू दे. इथे नको. तुझ्याकडे सुरक्षित आहे."

पद्मिनीने मान हलवली. या क्षणी सांगता येईल असं तिला पुन्हा एकदा वाटलं, आणि मग अमीरा म्हणाली, की विहिरीचं गा. जाण्याआधी तेच ऐकायचंय. पद्मिनीने गायलं. गाणं कुठे बिघडलं नाही. सूर खाली उतरला, थांबला, संपला. अमीरा पापणी न हलवता तिच्याकडे पाहत होती. आता धरली जाईन, पद्मिनीला वाटलं, आणि तिला कळलं, की आपण त्याचीच वाट बघतोय. कुणीतरी एकदाचं धरावं. अमीराच्या कपाळावर आठी आली. ती म्हणाली, पुन्हा गा. दुसऱ्यांदा गाताना अमीराचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा ती मागून गाऊ लागली, अर्धी मात्रा उशिरा, चाचपडत, अंधारात जिना उतरताना माणूस पाय टाकतो तशी. दुसऱ्या ओळीत ती वर जायच्या ऐवजी तिथेच राहिली आणि थांबली.

"चुकले?"

"इथे वर जायचं," पद्मिनी म्हणाली. ते तिच्या तोंडून निघून गेलं, शिकवायची सवय होती म्हणून.

अमीराने वर जाऊन पाहिलं. बरोबर आलं. तिने मान खाली घातली, आणि पद्मिनीला दिसलं, की तिच्या डोळ्यांत पाणी आहे. डॉक्टर म्हणाले होते, ती हळू आवाजात सांगत होती, की या आजारात विसरायला होतं; मी त्यांना हसले होते. भावाचं नाव विसरेन म्हटलं, पण हे नाही. आणि बघ, हेच गेलं. एक सूरसुद्धा ओळखीचा वाटला नाही.

"बरं झालं तू लिहून ठेवलंस, बद्मिनी."

पद्मिनी हो म्हणाली. अमीराने डोळे पुसले, पान उलटलं आणि माथ्यावरची ओळ वाचली. तंबूच्या दोराचं. हे त्या अकरांतलं होतं, खरं, जसंच्या तसं तिचं. तिने गळ्यावरचा रुमाल सैल केला आणि गायला सुरुवात केली, अगदी बिनचूक, तीस वर्षं गात आली होती तसं. पहिली ओळ झाली. दुसरीच्या मध्यावर ती एकाएकी थांबली, प्रत पद्मिनीच्या पुढे सरकवली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत विचारलं, "असंच आहे ना? तूच सांग."